सुटलेली साधना आणि मामाची होडी



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५.

सहावा अध्याय ध्यानाचा. बसावं कसं, खावं किती, झोपावं किती, मन कुठं लावावं, हे सगळं भगवंत सांगतात. अर्जुन शांतपणे ऐकतो आणि ३७व्या श्लोकात एक प्रश्न विचारतो. हा प्रश्न वाचला की मला दरवेळी वाटतं, तो माझ्याच वतीने विचारलाय. अर्जुन म्हणतो, कृष्णा, एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडले. सुरुवात केली आणि मधेच मन ढळलं. त्याचं पुढे काय होतं? इकडचंही गेलं आणि तिकडचंही मिळालं नाही, असा तो फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का?

आणि लगेच म्हणतो, हा संशय तुझ्याशिवाय दुसरं कुणी फेडू शकणार नाही. प्रश्न किती आतून आलाय बघा.

भगवंतांच्या उत्तराकडे येतोच. पण मला ते उत्तर या वर्षी रेवदंड्याला, मामाच्या वाडीत, एका मोडक्या होडीपाशी कळलं. म्हणून आधी होडीची गोष्ट.

मामाची १८ फुटी फायबरची होडी आहे. मागे अडकवायचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन. माझ्या लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे ती होडी. कुंडलिकेच्या खाडीत, समोर कोर्लईचा किल्ला, मामा इंजिनाच्या दांड्यावर आणि आम्ही भावंडं पुढे ओरडत बसलेलो. होडीवर मामीचं नाव रंगवलेलं होतं. सात वर्षांपूर्वी मामी गेली. त्या पावसाळ्याआधी मामाने होडी नेहमीसारखी वर ओढली, वाडीत नारळाखाली ठेवली, ताडपत्री टाकली आणि पुन्हा कधी खाली नेलीच नाही. ताडपत्री दोन पावसाळ्यांत फाटली. तीही बदलली नाही.

गेल्या डिसेंबरात मामाचा फोन आला. "वाडी साफ करायला काढलीय. होडी भंगारात देतो. तुला शेवटची बघायची असेल तर ये."

मी शनिवारी पहाटे निघालो. ताम्हिणी उतरून कोलाड, रोहा करत दहापर्यंत पोचलो. होडीत झावळ्या, कुजलेला पाला, सड्यासारखं साठलेलं काळं पाणी. पण पाणी उपसून, बाहेरून पाइप मारून धुतली तर खाली पांढरा फायबर अजून बरा चमकत होता. मी म्हटलं, "मामा, चांगली आहे की! घासून, पॉलिश करून, रंग मारला तर दोन रविवारांत होईल."

मामा काही बोलला नाही. खिशातून पाना काढला आणि होडीच्या बाजूवर टकटक करत मागे जायला लागला. टक, टक, टक. खणखणीत आवाज. मागच्या फळीवर, जिथं इंजिन अडकवतात तिथं, आवाज बदलला. बद्द. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा.

"ऐकलंस? इथं आत काही नाही," मामा म्हणाला.

त्या मागच्या भागाची रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाहेरून आणि आतून फायबरचा थर असतो, मधे प्लायवूड. इंजिनाचं सगळं वजन, सगळा जोर त्या प्लायवूडवर. इंजिन बसवायला त्यात भोकं पाडतात आणि ती भोकं नीट सील करावी लागतात. सील सुटलं की पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नाही, आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरचा चकचकीत थर तसाच राहतो.

मी सहज म्हटलं, "समुद्राचं पाणी शेवटी खातंच लाकडाला." मामा हसला. "खाऱ्या पाण्याने इतकं कुजत नाही रे. मिठात बुरशी धरत नाही. हे पावसाचं गोडं पाणी. होडी समुद्रात असती तर टिकली असती. घरी उभी राहून कुजली."

मंडळी, त्या वाक्याने मी गप्प झालो. कारण तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट माझ्यापाशी होती.

गेल्या वर्षी आषाढीनंतर माझा सकाळचा पाठ सुटला. फार मोठं काही घडलं नव्हतं. एका रात्री प्रॉडक्शनला सिस्टीम पडली, पहाटे तीनपर्यंत जागलो, सकाळी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग 'सोमवारपासून', मग 'श्रावणापासून', मग 'गणपती झाले की'. जवळजवळ पाच महिने मी गीता उघडली नाही, माळ हातात घेतली नाही.

पण इथलं चिंतन एकही दिवस चुकलं नाही. माझ्याकडे जुन्या वह्या होत्या, काही मजकूर तयार होता. रविवारी बसून आठवड्याचे सात लेख लावून ठेवायचो, रोज सकाळी सहाला आपोआप यायचे. तुम्ही वाचायचात. एका ताईंनी लिहिलं होतं की आई आयसीयूत आहे, बाहेर बाकड्यावर बसून रोज तुमचं चिंतन वाचते, आधार वाटतो. मी त्यांना हात जोडलेला इमोजी पाठवला. तो पाठवताना मी अंथरुणात होतो आणि दुसऱ्या खिडकीत क्रिकेटचा स्कोअर चालू होता.

बाहेरचा थर चकचकीत. पाना मारला असता तर बद्द.

रात्री जेवण झाल्यावर ओटीवर बसलो होतो, तेव्हा मी हे मामाला सांगितलं. मला वाटलं तो रागावेल, किंवा 'असं होतं रे कधीकधी' म्हणून समजूत घालेल. त्याने दोन्ही केलं नाही. म्हणाला, "मग? कुजकी फळी काढायची. होडी कोण टाकतं?"

मग स्वतःच थांबला. सकाळपर्यंत तोच ती भंगारात टाकणार होता ना! दोघंही हसलो. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगायचं तिथंच ठरलं.

जानेवारीपासून मेपर्यंत, जमेल त्या शनिवार-रविवारी मी रेवदंड्याला. मामाच्या देव्हाऱ्यात विनोबांची 'गीताई' असते, रात्री तो एक अध्याय वाचतो. त्यानेच आठवण करून दिली की विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली ती दर रविवारी एक अशी. १८ रविवार, १८ अध्याय. साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. मामा म्हणाला, "तुरुंगात बसून त्यांचा रविवार चुकला नाही. तुला तर गाडी आहे."

कामाला सुरुवात झाली ती तोडण्याने. आतल्या बाजूचा फायबर ग्राइंडरने कापला आणि आतून जे निघालं ते लाकूड नव्हतंच, चहाचा चोथा होता. हाताने ओरबाडून काढलं. मला वाटत होतं की जरा बरा दिसणारा भाग राहू द्यावा. मामाने त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो लोण्यासारखा आत गेला. "कडक लागेपर्यंत काढायचं. अर्धं कुजकं ठेवून वर नवीन लावलंस तर नवीनही कुजेल."

मग वाळवणं. पुढचे तीन आठवडे होडी नुसती उघडी, उन्हात. मला हे सहन होईना. सुट्टीचा दिवस घालवून यायचं आणि काय करायचं, तर होडी वाळतेय ते बघायचं! पण ओल्या पृष्ठभागावर रेझिन धरत नाही. वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि जोर आला की सुटतं.

नवीन फळी बसवायच्या दिवशी मी घाईने एक घोटाळा केला. रेझिन घट्ट व्हायला त्यात थोडंसं हार्डनर घालतात. अगदी थोडं, शंभराला एक-दोन भाग, आणि उन्हाळ्यात त्याहून हात आखडता. मी मनात म्हटलं, जास्त घालू, लवकर होईल. पाच मिनिटांत डबाच तापला, धूर यायला लागला, आणि सगळं रेझिन डब्यातच दगड. ब्रश आत अडकलेला. फळीला एक थेंब लागला नाही.

मंडळी, हा डबा मला ओळखीचा होता. पाठ सुटल्यावर मधेच एकदा, नवरात्रात, मला जोर आला होता. पहाटे चारला उठणार, रोज पूर्ण अठरा अध्याय, अकरा माळा, एक वेळ जेवण. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी गजर बंद केला आणि स्वतःचा इतका राग आला की पुढचा महिनाभर देवघरासमोरून जातानाही मान खाली. हार्डनर जास्त झालं होतं. याच सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति खाणाऱ्याचा योग होत नाही आणि मुळीच न खाणाऱ्याचाही नाही, अति झोपणाऱ्याचा नाही आणि अति जागणाऱ्याचाही नाही. आणि पुढे २५व्या श्लोकात, मन आत वळवायचं ते हळूहळू, धीर धरून. आपण हा 'हळूहळू' वाचतो आणि पुढे जातो. तो खरं म्हणजे प्रमाण आहे, डब्यावर लिहिलेलं असतं तसं.

फळी बसली. थरावर थर चढले. नवीन भोकं पाडली तेव्हा प्रत्येक भोकाची आतली कड रेझिनने सील केली. मग इंजिन.

मला इंजिनाची काही आशा नव्हती. सात वर्षं पडवीत उभं. आत पिस्टन जाम झालेला असणार, हे माझ्यासारख्या इंजिनीअरलाही कळत होतं. मामा म्हणाला, "दोर ओढ." मी जोर लावून ओढला आणि मागे पडता पडता वाचलो. इंजिन सहज फिरलं.

मी बघतच राहिलो. मामा जरा लाजल्यासारखा झाला. म्हणाला, "महिन्या-दोन महिन्यांनी एकदा प्लग काढून चमचाभर तेल सोडायचो आणि दोर दोनदा ओढायचो. होडीकडे बघवत नव्हतं. इंजिन तिने पैसे साठवून घेऊन दिलेलं. जाम होऊ द्यायला जीव झाला नाही."

सात वर्षं! होडी सोडली होती, खाडी सोडली होती. पण चमचाभर तेल सुटलं नव्हतं.

मग मामाने विचारलं, "तू अगदीच काही करत नव्हतास त्या पाच महिन्यांत?" मी आठवलं. संध्याकाळी कधी लवकर घरी आलो तर दिवा लावायचो. काही म्हणायचो नाही, नुसता लावायचो. आणि लेखाच्या शेवटी 'राम कृष्ण हरी' मात्र दरवेळी स्वतः टाइप करायचो. का, ते माहीत नाही. मामा म्हणाला, "तेच ते तेल."

आता भगवंतांचं उत्तर बघा. ४०व्या श्लोकात ते अर्जुनाला सांगतात की अशा माणसाचा ना इथं नाश होतो ना तिथं. चांगलं करणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही. आणि हे सांगताना त्याला 'तात' म्हणतात. एरवी पार्थ, कौंतेय, महाबाहो अशी हाक मारणारा कृष्ण इथं बाप लेकराला म्हणतो तसं 'बाळा' म्हणतो. पुढे सांगतात की असा साधक पुन्हा जन्माला येतो तेव्हा त्याला आधीच्या जन्मातली बुद्धी परत मिळते आणि तो तिथून पुढे प्रयत्न करतो. शून्यापासून नाही. आणि ४४व्या श्लोकात तर म्हणतात की तो पूर्वीचा अभ्यासच त्याला, त्याची इच्छा असो नसो, ओढून घेतो.

आपण हे पुढच्या जन्माचं म्हणून बाजूला ठेवतो. पण एकाच जन्मात आपण किती वेळा सोडतो आणि किती वेळा धरतो! दर वेळी नियम तोच आहे. केलेलं वाया गेलेलं नाही. पिस्टन फिरतोय. दोर ओढून बघा.

मात्र दोर ओढला म्हणजे झालं असंही नाही. कार्ब्युरेटर उघडला तर आत जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर, बारीक छिद्रं बुजलेली. ती एकेक साफ केली. खालच्या पंपात रबराचा पंखा असतो, तो समुद्राचं पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवतो. एकाच जागी राहून त्याची पाती वाकडी झाली होती. तो नवीन टाकला. मग इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभं केलं. पाण्याबाहेर चालवलं तर तो पंखा काही क्षणांत जळतो. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळलं, पन्नासाला एक, आणि नवव्या की दहाव्या ओढीला इंजिन धूर ओकत सुरू झालं. मामा धुराकडे बघत नव्हता, आवाजाकडेही नाही. तो इंजिनाच्या मागे बोटाएवढ्या भोकाकडे टक लावून होता. तिथून पाण्याची बारीक धार पडायला लागली तेव्हा त्याने श्वास सोडला. "धार आहे तोवर इंजिन जिवंत. कितीही जोरात पळत असलं आणि धार नसली तर लगेच बंद करायचं."

माझी धार बंद होती आणि मी पळत होतो. पाच महिने.

शेवटी रंग. मामीचं नाव मी स्वतः रंगवलं, जुन्या पुसट अक्षरांवरूनच. त्या उत्साहात इंजिनाच्या खालच्या भागावर राखाडी धातूचा एक ओबडधोबड तुकडा होता, त्यालाही छान रंग दिला. मामा ओरडलाच. तो झिंकचा तुकडा. खाऱ्या पाण्यात धातू झिजतातच. इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम वाचावं म्हणून हा तुकडा लावतात, तो आधी स्वतः झिजतो. त्याला रंग दिला की पाणी लागत नाही, तो झिजत नाही, आणि मग इंजिन झिजायला लागतं. मामाने चाकूने सगळा रंग खरवडून काढला.

मला वाटतं, आपलं 'मी' हा तो तुकडा आहे. मी किती नियमित, माझं वाचन किती, लोक मला काय समजतात. तो झिजायलाच हवा. आपण त्यालाच रंगवत बसतो आणि आतली श्रद्धा झिजते. आज तुमच्यासमोर हे लिहितोय ते तो रंग खरवडण्यासाठी. ज्या ताईंना मी इमोजी पाठवला होता त्यांची मी वेगळी क्षमा मागितली आहे. बाकी सर्वांची इथं मागतो. त्या दिवसांत तुम्हाला जो आधार मिळाला तो खरा होता, कारण पाणी धरणातलं होतं. नळ मात्र गंजला होता.

मेच्या एका रविवारी, भरतीच्या वेळी, गावातली चार पोरं हाताशी घेऊन होडी खाली नेली. १ जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून त्याआधी एकदा तरी पाण्यात घालायची होती. मामाने नारळ वाहिला, हळदकुंकू लावलं, मला लाइफ जॅकेट घालायला लावलं आणि दांडा हातात घेतला. कोर्लईच्या बाजूला अर्ध्या वाटेवर त्याने इंजिन हळू केलं आणि वाकून मागे बघितलं. धार पडत होती. मग पुढे बघत म्हणाला, "सात वर्षं उगाच घालवली."

मी म्हटलं, "मामा, तेल तर सोडत होतास."

त्याने मान हलवली. डोळे पुसले की पाणी उडालं होतं, ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर दमलो होतो, पण मामाने आधी इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवलं. आत राहिलेलं मीठ धुऊन काढायला. दरवेळी, थोडं फिरून आलं तरी. "हे चुकलं की पुन्हा पहिल्यापासून," म्हणाला.

माझा पाठ जानेवारीपासून सुरू आहे. अठरा अध्याय नाही. सकाळी पाच श्लोक आणि एक माळ. लेख आता आधी लावून ठेवत नाही. ज्या दिवशी पाठ झाला नाही, त्या दिवशी इथं काही येणार नाही. एखाद्या सकाळी काही दिसलं नाही तर समजून घ्या आणि माझ्यासाठी एक नाम घ्या.

आजचा संकल्प : तुमची सुटलेली एक गोष्ट आठवा. हरिपाठ असेल, गीता असेल, एकादशी असेल, नुसतं आईबरोबर संध्याकाळी दिव्यापाशी उभं राहणं असेल. ती पूर्ण सुरू करायचा निश्चय आज करू नका. आज फक्त चमचाभर तेल सोडा आणि दोर एकदा ओढा. एक श्लोक, एक नाम, एक दिवा. उद्याचं उद्या.

राम कृष्ण हरी.